दर्जा राखा

शेडच्या दारावरची पाटी वादळात उडून गेली नाही, नुसती खाली पडली, आणि पडतानाही अक्षरं वर करून पडली. थोरल्यांच्या बायकोने ती पाच दिवस तिथेच टेकवून ठेवली होती. आज मंडळी जमणार म्हणून तिने ती घासूनपुसून आत आणली आणि ठेवायला जागा सापडेना तेव्हा लांब टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत उभी केली. ती खुर्ची थोरल्यांच्या वडिलांची. ते गेल्याला अठरा वर्षं झाली तरी तीत कोणी बसत नसे. फार तर ओले हातमोजे वाळत घालत. आता तीत हिरवा पत्रा बसला होता आणि त्यावर ढब्ब्या पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द होते: दर्जा राखा.

"बाबांची जागा पाटीने घेतली वाटतं," धाकटी बहीण आत येता येता म्हणाली. "बरं झालं. पाटी मध्येच खाकरत नाही."

मधला भाऊ हसला. थोरली वहिनीही तोंड फिरवून हसली. थोरले मात्र हसले नाहीत.

पाच दिवसांत ते एकदाही हसले नव्हते आणि घरच्यांनी त्याचा अर्थ परस्पर लावून टाकला होता. आजोबांनी बांधलेली भिंत पडली. घरातल्या शेवटच्या हाडाच्या गवंड्याला दुसरं काय वाटणार? अर्थ चुकीचा नव्हता, अर्धा होता. उरलेला अर्धा थोरल्यांनी अजून बायकोलाही सांगितला नव्हता, आणि बायकोपासून लपवलेली गोष्ट जेवताना माणसाच्या घशाशी अडकते.

भिंत किनाऱ्याची. बंदरापासून दीपगृहापर्यंत मोजून नऊशे पावलं, पुरुषभर उंच. आजोबांनी ती नुसती दगडावर दगड रचून उभी केली, सात वर्षं खपून, आणि तेव्हापासून तिची देखभाल याच घराकडे होती. वादळ दोन रात्री आणि एक दिवस धिंगाणा घालून गेलं. त्यात नऊशेपैकी सातशे पावलं भिंत आडवी झाली. दीपगृहाकडची दोनशे तेवढी उभी राहिली. दीपगृहाच्या खडकाचा आडोसा मिळाला म्हणून वाचली, असं गाव म्हणत होतं, आणि थोरले गावाला म्हणू देत होते.

पाच वाजता बंदर कचेरीचा माणूस येणार होता. भिंत पुन्हा कशी उभी करायची ते तिघा भावंडांनी एकमताने सांगायचं आणि त्याने लिहून न्यायचं, असं ठरलं होतं. तिघांचं एकमत ही या घरात ग्रहणासारखी गोष्ट. कधीमधी होतं आणि लोक बाहेर येऊन बघतात.

मधल्याने टेबलावर नकाशा पसरला आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर थोरल्यांच्याच चार थाप्या ठेवल्या. मधला कंत्राटं घेई, यंत्रं त्याची, माणसं त्याची, आणि दगडाला त्याने वीस वर्षांत हात लावला नव्हता.

"सरळ काँक्रीट," तो म्हणाला. "दोन पुरुष खोल पाया. समोरचं अंग गुळगुळीत. लाट येईल, आपटेल, परत जाईल. धरायला तिला बोटभर खाच मिळणार नाही. एका उन्हाळ्यात काम संपतं."

"आणि उभी आहे ती?" थोरल्यांनी विचारलं.

"तिच्यावरही पुढून थर चढवू. अर्धी अशी, अर्धी तशी बरी दिसणार नाही. शेवटी नाव आपलं आहे." त्याने पाटीकडे हात केला.

थोरली वहिनी चहा ओतत होती. "मला पटतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. पस्तीस वर्षांत तिने दिराची बाजू उघडपणे घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"बघता काय? यांचे गुडघे बघितलेत? चार पायऱ्या चढताना दोनदा देव आठवतो. यंत्राने होत असेल तर यंत्राने होऊ दे. यांनी खुर्चीत बसून चुका काढाव्यात. ते यांना छान जमतं."

"वहिनी, त्याला चहा दोन कप द्या," धाकटी मधल्याकडे बघत म्हणाली. "आज त्याचा वाढदिवसच आहे."

धाकटी चौपन्न वर्षांची झाली तरी धाकटीच. ती शाळेत विज्ञान शिकवायची आणि गेली तीस वर्षं मुलांना ओहोटीला किनाऱ्यावर नेऊन दगड उलटे करून दाखवायची. बघून झालं की होते तसे परत ठेवायला लावायची. मुलं पाठीमागे तिला गोगलगायबाई म्हणत. आज तिचे रबरी बूट गुडघ्यापर्यंत तांबड्या चिखलाने माखले होते आणि वहिनीने ते दाराबाहेर काढायला लावले नव्हते, यावरूनच दिवस कसा आहे ते कळत होतं.

"मी सकाळपासून खाली आहे," ती म्हणाली. "सांगू काय आहे ते?"

"मेलेले खेकडे आहेत," मधला म्हणाला. "वास येतोय इथपर्यंत."

"खेकडे वरचे झाले. खडकांच्या पुढे समुद्रगवताचं कुरण होतं ना, माशांची पिल्लं वाढतात ते? ते दिसतच नाही. मी हात घातला तर कोपरापर्यंत माती, आणि मग कुठे गवताची पाती लागली. खडकातली डबकी काठोकाठ भरलीत. समुद्रफुलं, शिंपले, तारामासे, सगळं खाली. लाटेने उपटून नेलं असतं तर थोडंफार दुसरीकडे जाऊन चिकटलं असतं. हे गुदमरलंय." ती थांबली. "आणि ती माती समुद्राची नाही. आपली वाळू करडी. ही तांबडी आहे, भिंतीमागच्या भरावाची. मला एवढंच कोणीतरी सांगा. समुद्र बाहेरून आत आला, मग आतली माती बाहेर कशी गेली?"

"परतताना लाटेने ओढली," मधला म्हणाला.

"सातशे पावलं?"

थोरल्यांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. घशात अडकलेला अर्धा भाग तो हाच. दुसऱ्या पहाटे वारा पडला आणि पाणी उतरायला लागलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते. लाटांचा जोर ओसरल्यावर, सगळं निवळल्यावर, भिंत पडली होती. उजाडताच ते खाली गेले, तर दगड समुद्राच्या अंगाला पडलेले. समुद्राने पाडली असती तर ते गावाच्या अंगाला पडले असते. हे कळायला गवंडी असावं लागत नाही, पण गाव आपापली छपरं शोधत होतं. थोरल्यांनी पडलेली भिंत पावलांनी मोजली. सातशे भरली. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी जिथे थापी खाली ठेवली होती, बरोबर तिथे येऊन पडझड थांबली होती.

वडील गेले त्या वर्षी त्यांनी ते काम काढलं होतं. पाटीखालून जाता येता मनात यायचं, बापामागे आपण काय राखलं? आजोबांची भिंत तेव्हा गबाळी दिसायची. फटीफटीतून शेवाळ लोंबायचं, खेकडे डोकवायचे, दगडांवर शिंपल्यांचे घोस. थोरल्यांनी तीन वर्षं ओहोटी गाठून एकेक फट सिमेंटने भरली आणि शेवटचा हात नुसत्या अंगठ्याने फिरवला. गाव बघायला यायचं. सातशे पावलांवर पाठ धरली, डॉक्टरांनी वाकणं बंद केलं, म्हणून दोनशे राहिली. त्या दोनशे पावलांची त्यांना आजवर लाज वाटत आली होती.

"दादा, तू बोल काहीतरी," धाकटी म्हणाली. "तू पाहिलंस ना जाऊन?"

"पाहिलं."

"मग?"

"वादळ मोठं होतं," थोरले म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला.

"झालं तर," मधला म्हणाला. "माझं मत यंत्राला, दादाची ना नाही, वहिनींचं धरून तीन."

"वहिनींना मत नाही," धाकटी म्हणाली.

"मला मत नाही?" वहिनीने किटली आपटली. "पस्तीस वर्षं या पाटीवरची धूळ कोण पुसतंय?"

पाटीचं नाव निघालं तशी खिडकीजवळ हालचाल झाली. "ती पाटी खुर्चीत कशाला बसलीय?" आत्याने विचारलं.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याऐंशी. सासर लांबच्या गावी. नवरा गेल्यावर दहा वर्षांपूर्वी ती माहेरी परतली. एका कानाने तिला ऐकू येत नसे आणि दुसऱ्याने हवं तेवढंच येई. वादळात ओळंब्यांच्या दोऱ्यांचा गुंता झाला होता, तो मांडीवर घेऊन ती सकाळपासून सोडवत बसली होती. भिंतीला कान असतात म्हणतात. या घरात आत्यालाच भिंत समजून लोक तिच्यासमोर वाट्टेल ते बोलत.

"पडली म्हणून ठेवलीय, आत्या," वहिनी मोठ्याने म्हणाली.

आत्याने चष्मा पदराने पुसला. पाटी इतकी वर्षं दारावर दोन पुरुष उंचीवर होती. आत्याची मान तिथवर कधी गेली नव्हती. आता ती समोरासमोर होती. तिने हवेत बोट फिरवत अक्षरं लावली.

"दर्जा राखा," ती म्हणाली. "आणि पुढचं?"

"पुढे काही नाही, आत्या."

"आहे की. अर्धंच लिहिलंय. माझा बाप अर्धं वाक्य जन्मात कधी बोलला नाही. दर्जा राखा, त्या भरू नका, त्यांत बिऱ्हाडं आहेत. दिवसातून वीसदा ओरडायचा. मला झोपेतसुद्धा ऐकू यायचं."

मधल्याने कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला.

"त्या?" धाकटीने विचारलं. विज्ञानाची असली तरी ती शाळेतली होती. व्याकरण तिच्या कानात आधी शिरलं. "त्या कोण, आत्या?"

"दर्जा. दुसरं कोण?" आत्याने दोन बोटं जवळ आणून मधली फट दाखवली. "ही एक दर्ज. अशा दहा दर्जा. गवंड्याच्या पोटी जन्मलात ना? मग एवढी वर्षं समजलात काय?"

"आम्ही समजलो," मधला सावकाश म्हणाला, "कामाचा दर्जा. काम चांगलं करा."

आत्याने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "ते गवंड्याला सांगावं लागतं? आचाऱ्याच्या दारावर 'मीठ घाला' अशी पाटी असते का?"

"मग बाबांनी अर्धंच का लिहवून घेतलं?" मधल्याने विचारलं.

"तुझ्या बापाला पाटी दारावर मिरवायची होती. त्यांत बिऱ्हाडं आहेत असं लिहिलं असतं, तर लोक खोली रिकामी आहे का विचारत आले असते."

मधल्याला हसू फुटलं, पाठोपाठ वहिनीला. मग दोघांनी थोरल्यांकडे पाहिलं आणि हसायचं थांबवलं.

थोरले पाटीकडे बघत होते. दर्ज हा शब्द त्यांच्या तोंडात रोज होता. दर्ज ओली कर, दर्ज नीट भर, दर्ज सुटलीय बघ. उभा जन्म त्यांनी गड्यांना हेच सांगितलं. आणि पाटीही ते रोज वाचत होते. दोन्ही शब्द साठ वर्षं एका घरात राहिले, पण त्यांची कधी गाठ पडली नव्हती. पाटीवरचा दर्जा तो होता आणि कामातली दर्ज ती होती. त्या पाटीचा मान ठेवायचा म्हणूनच त्यांनी एकेक दर्ज बुजवली होती.

"कोणाची बिऱ्हाडं, आत्या?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता, पण आत्याला ऐकू आला.

"मी सातआठ वर्षांची असेन. टोपलीतून दगडाच्या कपच्या नेऊन द्यायचे. कोणी पुढच्या अंगाला कपची ठोकून फट बुजवली, की बाप ती काढायला लावायचा. म्हणायचा, इथे खेकडं राहतं, शिंपलं राहतं, माशाचं पोर लाट चुकवायला घुसतं. पाण्यालाही तो बिऱ्हाडच म्हणायचा. आलं तसं जायला वाट ठेवा, नाहीतर ते घरमालकालाच बाहेर काढतं." आत्याने गुंत्यातून एक दोरी अख्खी ओढून काढली. "भिंत पडली म्हणालात. कुठल्या अंगाला पडली?"

हा प्रश्न पाच दिवसांत पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. थोरले उठले, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर गेले.

ओहोटी पुरती लागली होती. खडक उघडे पडले होते, पण खडकासारखे दिसत नव्हते. सगळ्यावर तांबड्या मातीचं लिंपण, उन्हाने वरून तडकलेलं. एरवी या वेळी डबक्यांमधून बारीक बारीक चुळबुळ ऐकू यायची. आता कुठेही काही हलत नव्हतं. धाकटी मागून आली तेव्हा थोरले पडलेल्या आणि उभ्या भिंतीच्या सांध्यावर काठी टेकून उभे होते.

"समुद्राच्या अंगाला," ते वळून न बघता म्हणाले. "मी पहिल्या दिवशीच पाहिलं. लाटांनी वरून पाणी आत ओतलं, ते भरावात साठलं. समुद्र उतरला, बाहेरचा दाब गेला, आणि आतल्या पाण्याला निघायला एक दर्ज उघडी नव्हती. त्याने भिंत ढकलली आणि मागची माती घेऊन बाहेर पडलं. वादळाने पाडलीच नाही."

धाकटीने मान खाली घातली.

"तुला ठाऊक होतं?"

"भिंतीचं नव्हतं," ती म्हणाली. "यांचं होतं." तिने खडकांकडे मान वळवली. "तू भरायला लागलास त्याच्या दुसऱ्या वर्षी मुलांनी खेकडे मोजले, तर निम्मे. तिसऱ्या वर्षी मी मोजायची जागाच बदलली. दीपगृहाकडे न्यायला लागले. मुलांना काय, खेकडा दिसला की झालं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बाबा नुकते गेले होते. तू रोज इथे वाकलेला असायचास, अंगठ्याची सालं निघेपर्यंत. कोणासाठी करतोयस ते मला दिसत होतं. मी येऊन काय म्हणणार होते? दादा, खेकडे कमी झालेत?" तिने मनगटाने नाक पुसलं. "सांगायला हवं होतं. पंधरा वर्षं मी दुसरीकडे तोंड करून मोजत राहिले. मला त्याची लाज वाटते."

लहानपणी ठेवत तसा तिच्या डोक्यावर हात ठेवावा असं थोरल्यांना फार वाटलं. ते जमलं नाही. त्याऐवजी त्यांनी तिच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत खाली बसले.

दगडांच्या राशीत सिमेंटच्या पट्ट्या तुटून पडल्या होत्या, कुठे वीतभर, कुठे हातभर. थोरल्यांनी एक उचलली. समोरून ती गुळगुळीत होती, मधोमध अंगठ्याची पन्हळ, आणि पन्हळीत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक बारीक रेघ. तरुणपणी छिन्नी लागून त्यांच्या उजव्या अंगठ्याला चीर पडली होती, तिची ती रेघ. सातशे पावलं त्यांनी जणू सही करत नेली होती. त्यांनी पट्टी उलटी केली.

मागच्या अंगाला शिंपले होते. वीसबावीस, नखाएवढ्यापासून बोटाएवढे, एकमेकांना खेटलेले आणि सगळे घट्ट मिटलेले. कडेला एका खेकड्याची नांगी सिमेंटमध्ये अर्धी रुतली होती. ओला माल दाबला तेव्हा ते आत होते आणि होते तसेच राहिले.

"मी काठीने हुसकायचो त्यांना," थोरले म्हणाले. "खेकडे आत पळायचे. मला वाटायचं, मागून निघून जातील."

"मागे माती होती, दादा."

"हो."

जरा वेळाने ते बसल्या जागेवरून उभ्या भिंतीकडे सरकले आणि पहिल्याच उघड्या दर्जेत चार बोटं घातली. इतक्या वर्षांत त्यांनी दर्जेत थापी घातली होती, माल घातला होता, असा मोकळा हात कधी घातला नव्हता. आत गार होतं, ओलं होतं. खरखरीत कवचं बोटांना लागली. मग एक बारीकसं काहीतरी नखाला धडकून आत पळालं, आणि त्यामागून आणखी एक.

"आहेत," ते म्हणाले, आणि पाच दिवस न आलेलं रडू त्यांना तिथे आलं. धाकटी त्यांच्याकडे पाठ करून समुद्राकडे बघत उभी राहिली, आणि ते आवरेपर्यंत तशीच राहिली.

दोघं परतली तेव्हा मधला शेडच्या दारात येरझाऱ्या घालत होता. थोरल्यांनी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने पुढून पाहिली, मागून पाहिली, आणि बराच वेळ मागूनच बघत राहिला. भिंत कुठल्या अंगाला पडली आणि का, ते थोरल्यांनी त्याला चार वाक्यांत सांगितलं. मधला कितीही यंत्राचा असला तरी त्याच घरातला. पाचवं वाक्य लागलं नाही.

"हे त्या माणसाला दाखवू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "आपण काँक्रीट नको, जुनी पद्धत हवी एवढंच सांगू. कारण कशाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या गाव म्हणेल, मिस्त्रीने भिंत पाडली."

"पाडलीच."

"पाटी बाबांनी अर्धी लिहिली, दादा. तुझा काय दोष?"

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून ते या भावाला मनातल्या मनात बरंच बोलले होते, आणि आता हाच त्यांची पाठ राखायला उभा होता.

"कारण सांगितलं नाही," ते म्हणाले, "तर आणखी वीस वर्षांनी कोणीतरी भला माणूस येईल, त्याला भिंत गबाळी वाटेल, आणि तो हौसेने पुन्हा भरेल. माझ्यासारखाच."

"आणि गुळगुळीत भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खणून नेते," धाकटी म्हणाली. "उरलेलं गवत त्यात जाईल."

"तू गप गं. कळलं मला." मधल्याने आत जाऊन नकाशावरच्या चारही थाप्या उचलल्या. नकाशा आपोआप गुंडाळला गेला.

वहिनी दाराआडून सगळं ऐकत होती. तिने नवऱ्याच्या हातातली पट्टी घेतली, मागची बाजू बोटाने हळूच चाचपली. "त्या दोनशे पावलांना कोणाला हात लावू देऊ नका," ती म्हणाली. "गुडघ्यांचं मी बघते."

पाचला पाच मिनिटं असताना बंदर कचेरीचा माणूस आला. तरुण, नीटनेटका, बूट भिजलेले, काखेत कागद. पाटी खुर्चीत बसलेली पाहून तो क्षणभर चाचरला आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत अदबीने बसला. थोरल्यांनी पट्टी टेबलावर ठेवली, गुळगुळीत बाजू वर करून.

"पडझडीचं कारण वादळ, असं मी लिहूनच आणलंय," तो म्हणाला. "तेवढाच तुमचा वेळ वाचला."

"खोडा," थोरले म्हणाले.

त्याने मधल्याकडे पाहिलं, कारण कचेरीत सगळे मधल्यालाच ओळखत.

"मिस्त्री सांगतील ते लिहा," मधला म्हणाला. "आमचं तिघांचं एकमत आहे."

"मग कारण काय लिहू?"

"दर्जा भरल्या होत्या."

"दर्जा चांगला होता, असं?"

"भरल्या होत्या. दगडांमधल्या फटी. मी भरल्या, पाण्याला वाट राहिली नाही, म्हणून भिंत पडली. माझं नाव लिहा."

त्याने लिहिलं. मग थोरले सांगत गेले आणि तो लिहीत गेला. आधी खडकांवरची आणि गवतावरची माती काढायची, हाताने, बादल्यांनी, यंत्र खाली न उतरवता. जे अजून तग धरून असेल ते मोकळं होईल. कुठून सुरुवात करायची ते धाकटी दाखवेल. मग तेच दगड, तशीच भिंत. दीपगृहाकडची दोनशे पावलं आहेत तशी राहतील.

"किती दिवस लागतील?"

"आजोबांना सात वर्षं लागली."

"आणि तुम्हाला?"

"हे बसून शिकवतील," वहिनी म्हणाली. "माणसं गोळा करायचं काम माझं."

तरुणाने पान उलटलं. "शेवटी विशेष सूचना म्हणून एक रकाना आहे. एखादं वाक्य लागतं."

थोरल्यांनी खुर्चीतल्या पाटीकडे पाहिलं. "लिहा. दर्जा राखाव्या."

त्याने लिहिलं आणि वाचून दाखवलं. "दर्जा राखावा."

"राखाव्या."

"मिस्त्री, ते राखावा होतं. तो दर्जा."

"राखाव्या," थोरले म्हणाले. "पुष्कळ आहेत त्या."

त्याने मदतीसाठी धाकटीकडे पाहिलं. शाळेत तो तिच्याच हाताखाली शिकला होता. धाकटीने मान डोलावली. त्याने निमूटपणे खोडून दुरुस्त केलं.

"आणि पुढचं?" खिडकीजवळून आत्या म्हणाली. दोऱ्यांचा गुंता सुटला होता आणि चार ओळंबे तिच्या पायाशी ओळीने मांडलेले होते.

"त्या भरू नयेत," थोरल्यांनी सांगितलं. "त्यांत बिऱ्हाडं आहेत."

तरुणाची लेखणी थांबली. "बिऱ्हाडं? कोणाची?"

थोरल्यांनी टेबलावरची पट्टी उलटी केली आणि त्याच्यासमोर सरकवली.